चुकलात तर हौदापाशी थांबा

दचकू नका. मीच बोलतोय. इकडेतिकडे बघू नका, माणूस नाही कुणी. तुम्ही ज्या गुळगुळीत फरशीवर उभे आहात ना, ती माझी आहे. म्हणजे माझ्या अंगावर बसवलेली आहे. मी हौदाचा चौक, जालन्याच्या जुन्या बाजारपेठेतला. नव्या पाटीवर माझं नाव वेगळं आहे, पण त्या नावानं कुणी हाक मारली तर ती मला मारलीय हे माझ्या लक्षातच येत नाही.

हल्ली मी फार लवकर दचकतो. रिक्षाचा हॉर्न वाजला, एखादं शटर धाडकन खाली आलं, की माझ्या अंगावर काटा येतो. चौकानं असं असू नये, हे मलाही कळतं. पूर्वी मी असा नव्हतो. बैल उधळले तरी मी निवांत असायचो. हे असं कधीपासून झालं, तेच सांगायला तुम्हाला थांबवलंय. घाईत असाल तर चालत चालत ऐका, पण कृपा करून अर्ध्यातून जाऊ नका.

मला कुणी ठरवून बांधलं नाही. चार रस्ते एकमेकांना भेटले आणि मधे जी जागा उरली, तो मी. निजामाच्या राजवटीत इथून कापसाच्या गाड्या मोंढ्यात, म्हणजे घाऊक बाजारात जायच्या. बैल तहानेनं फेस गाळत उभे राहायचे. कुणा व्यापाऱ्याला त्यांची दया आली, त्यानं पाथरवट बोलावले आणि माझ्या मधोमध काळ्या दगडाचा हौद उभा केला. कमरेएवढा उंच, बैलांसाठी. त्याला लागून खाली, एकाच दगडात कोरलेली बुटकी डोणी, शेळ्यामेंढ्यांसाठी. लांबच्या तळ्यातून खापराच्या नळानं पाणी यायचं, हौद भरायचा, आणि हौदातून सांडलेलं डोणीत उतरायचं. डोणीच्या कडेला एक लोखंडी कडी होती, जनावर बांधायला. हाताच्या घासण्यानं ती कडी चांदीसारखी झाली होती.

हौद आला तसं मला नाव आलं. आणि नावामागून एक काम आलं, जे कुणी मला सांगितलं नव्हतं.

बाजाराच्या दिवशी धावड्याकडची, हसनाबादकडची, पार कुंभार पिंपळगावची माणसं यायची. गर्दी अशी की हातातला हात सुटला की गेलाच. फोन नव्हते. मग घरून निघतानाच आया लेकरांना बजावायच्या, सासवा सुनांना बजावायच्या, नवरे बायकांना आणि शहाण्या बायका नवऱ्यांना: चुकलात तर हौदापाशी थांबा. हालू नका. शोधणारा येईल.

एवढाच नियम. जो चुकला त्यानं थांबायचं, जो शोधतोय त्यानं यायचं. दोघंही शोधायला निघाले तर दोघंही हरवतात, हे त्या अडाणी म्हणवणाऱ्या माणसांना पक्कं ठाऊक होतं.

किती माणसं मी अशी एकमेकांच्या हवाली केली असतील! एकदा कुंभार पिंपळगावची एक नवी नवरी चुकली. बिचारी हौदाला टेकून, डोक्यावरून पदर पार हनुवटीपर्यंत ओढून बसली. योग असा की त्या दिवशी तशाच आणखी तीन नव्या सुना चुकून येऊन बसल्या होत्या. सासू आली. चौघींचेही पदर हनुवटीपर्यंत. सासूनं कमरेवर हात ठेवले.

"पाय काढा गं बाहेर, पाय!" ती म्हणाली. एकेकीची बोटं बघत गेली. "ही माझी न्हाई. हिचे जोडवे जाड हायेत. आम्ही येवढे कुठं घातले?"

चौथीला मात्र पदराआडूनच हसू फुटलं, आणि सासूला सून सापडली.

असे दिवस होते ते. मला वाटायचं, मी आहे तोवर जालन्यात कुणी हरवणार नाही.

आता म्हस्कूचं सांगतो. सगळं त्याच्यापाशीच येऊन थांबतं.

सत्तर वर्षं झाली असतील. हसनाबादकडून एक मेंढपाळ आला होता, सोबत पंचवीसेक मेंढरं आणि सहा-सात वर्षांचा मुलगा. बापानं मेंढरांना डोणीवर पाणी पाजलं आणि पोराचा हात त्या कडीवर ठेवला.

"म्हस्क्या, ही कडी बघून ठेव. चुकलास तर इथं यायचं. मी येईस्तोर हालायचं न्हाई. कुणी काही दिलं तरी हालायचं न्हाई."

तासाभरात बाजारात एक बैल बिथरला, माणसं सैरावैरा धावली, मेंढरं पांगली. बाप मेंढरांमागं गेला आणि हा एकटा पडला. पण रडत रडत बरोबर माझ्याकडं आला आणि कडी धरून उभा राहिला. ऊन डोक्यावर आलं. मग दुकानांमागं गेलं. एका हलवाइणीनं गोडी शेव आणून दिली. एका हातानं खाल्ली, दुसरा हात कडीवर. लघवीला सुद्धा गेला नाही, तिथंच झाली. दिवे लागायच्या वेळी बाप आला. आधी एक थापड दिली, मग उचलून छातीशी धरलं.

"हाललो न्हाई, बा," पोरगं म्हणालं.

तो मोठा झाला, लग्न झालं, मेंढरं कमी कमी होत संपली. पण जालन्याला आला की माझ्याकडं यायचा आणि कडीवरून हात फिरवायचा. बायकोला, जयवंताबाईला, पहिल्यांदा बाजार दाखवायला आणलं तेव्हाही आधी कडी दाखवली, मग बाजार.

पुढं नळ घरोघर आले. गाड्या गेल्या, बैल गेले. खापराचा नळ कुठंतरी फुटला, तो कुणी जोडला नाही. ज्या दिवशी पाणी यायचं थांबलं तो दिवस मला आठवत नाही, कारण उद्या येईल असं मला बरेच दिवस वाटत होतं. कोरड्या हौदात आधी पानं पडली. मग चहाचे कप, नारळाच्या करवंट्या, कोंबड्यांची पिसं, कुणाच्या तरी वाढदिवसाचे फाटके बॅनर. माझ्यावरून जाणारी माणसं नाकाला रुमाल लावायला लागली. मी कुणाला नावं ठेवत नाही. मलाच माझा वास सहन होत नव्हता.

त्याच दिवसांत म्हस्कू जालन्यातच राहायला आला. त्याचा मुलगा अंगद सळईच्या कारखान्यात लागला होता. माझ्या मागच्या गल्लीत दोन खोल्या घेतल्या. अंगदची बायको पूर्वीच गेलेली. घरात म्हस्कू, जयवंताबाई, अंगद आणि अंगदची मुलगी अंजू.

आणि म्हस्कू विसरायला लागला. आधी नावं, मग वार, मग जेवण झालं की नाही ते. अंजूला स्वतःच्या बहिणीच्या नावानं हाक मारायचा. मग एक दिवस घरातून निघाला आणि घर कुठं ते विसरला. पण एक गोष्ट त्याच्या डोक्यात दगडावर कोरल्यासारखी शाबूत होती. चुकलो की कुठं थांबायचं.

आठवड्यातून दोनदा-तीनदा तो यायचा. तो कचरा, ती घाण, त्याला काही दिसायचं नाही. डोणीपाशी बसायचा, कडी धरायचा. पहिल्या दिवशी जयवंताबाई अनवाणी धावत आली होती. नंतर तिला कळलं की धावायची गरज नाही. चपला घालायची, कुलूप लावायची, वाटेत कोथिंबीर सुद्धा घ्यायची आणि निवांत यायची.

"चला. झाला का बाजार?"

"बा यायचाय."

"मामंजी कवाच घरी आलेत. त्यांनीच धाडलंय मला."

"बराबर?"

"बिलकुल बराबर. उठा जल्दी, भाकर थंडी होऊन राह्यली."

मग तो कडी सोडायचा आणि उठायचा. समोर भुजंगची चहाची टपरी होती. भुजंग लांबूनच ओरडायचा, "माय, तुमचं पार्सल आल्तं. हौदापाशी उतरवून घेतलंय, सही करा!" जयवंताबाई त्याला कोथिंबिरीची जुडी उगारून दाखवायची. सगळे हसायचे. म्हस्कूही हसायचा, कारण सगळे हसत होते.

मी तेव्हा घाणेरडा होतो, पडीक होतो, पण माझं ते एक काम चालू होतं. हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

अंजू कॉलेजला जायची, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. हुशार, अक्षर मोत्यासारखं, पण भित्री. दार वाजलं तरी दचकायची. माझ्यावरून जाताना वही छातीशी घट्ट धरून, जवळजवळ पळतच जायची. एका सकाळी ती हौदाच्या बाजूनं चालली होती आणि आतल्या कचऱ्यातून एक कुत्रा एकदम उसळून बाहेर आला. तिच्या तोंडून किंकाळी फुटली. ती पडली, दोन्ही गुडघे फुटले, प्रॅक्टिकलची वही गटारात गेली. कुत्रा तिच्याकडं न बघताच निघून गेला. पण ती तिथं बसून इतकी रडली की भुजंग टपरी सोडून पाणी घेऊन आला.

"मी अर्ज देणार," ती हुंदके देत म्हणाली.

आणि तिनं दिला बरं का. म्हणजे लिहिला. टपरीच्या बाकड्यावर बसून, पट्टीनं समास आखून. "चौकातील हौदाची साफसफाई करून तो दुरुस्त करावा, ही नम्र विनंती." भुजंगनं वाचला आणि मान हलवली.

"पोरी, साफ करा म्हणून याआधी तीन अर्ज गेलेत. दोन तर माझेच. साफ करायला कुणी येत न्हाई. साफ करण्यात काय हाय? ना उद्घाटन, ना पाटी. तू लिही, पाडा म्हणून. पाडा आणि नवीन करा म्हणलं की बघ, कसे पळत येतेत."

"पण पाडायचा कशाला?"

"अगं, तसं लिहायचं असतं. ते काही सगळं पाडत न्हाईत."

अंजूनं थोडा वेळ पेन तोंडात धरलं. मग नवा कागद घेतला. मी तिच्या खांद्यावरून वाचत होतो, कारण माझ्याविषयी इतक्या सुंदर अक्षरात कधी कुणी काही लिहिलं नव्हतं. "चौकातील जुना, निरुपयोगी व धोकादायक हौद काढून टाकून चौकाचे सुशोभीकरण करावे." निरुपयोगी या शब्दापाशी तिचा हात थांबला. दोन वेळा तिनं तो शब्द पुसायला रबर शोधलं, पण शाईला रबर कुठलं चालतंय?

संध्याकाळी तिनं आजीला विचारलं. दोघी माझ्याच कडेला भाजी घेत होत्या.

"आजी, आबांना हौद लागतो ना गं?"

जयवंताबाईनं भाजी पिशवीत टाकली. मग म्हणाली, "हौद गेला म्हणून चौक कुठं जातोय? त्यांच्या पायांना वाट ठाव हाय. येऊन इथंच बसतेत. उलट जागा चोख झाली तर बसायला बरं."

दोघींनाही ते पटलं. मलाही पटलं. खरं सांगतो, मला नुसतं पटलं नाही, मला आनंद झाला. मला वाटलं, दिवे लागतील, माणसं नाक न दाबता थांबतील. इतकी वर्षं कुणी माझ्याकडं वळून पाहिलं नव्हतं. मी हौदाच्या बाजूनं एक शब्द काढला नाही. चौकाचं तेव्हा कुणी ऐकलं नसतं हे खरं, पण मी मनातल्या मनात सुद्धा नको म्हणालो नाही.

सह्या गोळा झाल्या. दुकानदारांच्या, रिक्षावाल्यांच्या, गल्लीतल्या बायकांच्या. शंभराला दोन कमी पडत होत्या. जयवंताबाईनं स्वतःचा अंगठा दिला आणि कडीपाशी बसलेल्या म्हस्कूला म्हणाली, "आणा हात."

"कशाचा अंगठा?"

"हौदाचा."

म्हस्कूचा चेहरा उजळला. "हौदाचा? मंग लावतो की."

त्यानं कडीवरचा हात सोडला, धोतराला पुसला आणि अंगठा दिला. शाई जास्त लागली होती. परत कडी धरली तेव्हा कडीवर निळा डाग पडला.

भुजंगचं म्हणणं खरं ठरलं. ते पळत आले. फिती लावून मापं घेतली, खडूनं खुणा केल्या, आणि उन्हाळ्याच्या तोंडाला माझ्याभोवती पत्रे उभे राहिले. पत्र्यांच्या आत काय झालं ते मी फार सांगणार नाही. जेसीबीचा पहिला घाव हौदावर बसला तेव्हापासून मी दचकतोय, एवढंच. पाथरवटांनी बसवलेले दगड सहज निघत नाहीत. तीन दिवस लागले. ते दगड ट्रकमधून कुठं गेले मला माहीत नाही. डोणीचा अखंड दगड तेवढा ट्रकवर चढेना. त्यांनी तो ढकलत नेऊन कडेच्या गटाराजवळ टाकला. कडी आधीच तुटून पडली होती. ती भंगारात गेली.

आठ महिने काम चाललं. भुजंगची टपरी आराखड्यात बसत नव्हती, म्हणून ती गल्लीच्या तोंडाला, वळणाआड सरकवली. त्यानं तो डोणीचा दगड पालथा करून टपरीपुढं पायरी केली. म्हस्कू त्या आठ महिन्यांत आलाच नाही. तळपायाला जखम झाली होती, ती चिघळली, म्हणून अंगदनं त्याला घरातच ठेवला होता. त्यामुळं काय बिघडलंय ते कुणाला कळायची वेळच आली नाही.

पत्रे निघाले तेव्हा मीच मला ओळखलं नाही. मधोमध कारंजं, गोल. त्याभोवती काळी चकचकीत फरशी. कडेनं स्टीलचे कठडे. शहराच्या नावाची माणसाएवढी लाल अक्षरं, शेजारी बदामाचं चिन्ह. चार बाजूंना रंग बदलणारे दिवे. आणि राखणीला एक वॉचमन, हरिओम नावाचा, शिट्टीवाला. माणसं आली, अक्षरांपुढं फोटो काढले. अंजूनं आजीला उभं करून फोटो काढला. ती त्या दिवशी पहिल्यांदा माझ्यावरून न पळता चालली. वही हातात मोकळी धरून. मला वाटलं, चला, निदान हिची भीती तरी गेली.

नवव्या दिवशी म्हस्कू आला.

बाजाराचा दिवस होता, सकाळचे दहा-साडेदहा. पाय बरा झाला होता. जयवंताबाई आत भाकरी थापत होती, तो उठून निघाला. जयवंताबाईचं म्हणणं खरं होतं, पायांना वाट ठाऊक होती. पाय त्याला बरोबर माझ्यापर्यंत घेऊन आले. आणि इथं येऊन थबकले.

त्यानं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. कारंज्याभोवती एक फेरी मारली. मग दुसरी. तिसऱ्या फेरीला तो वाकून चालत होता, एक हात खाली सोडून, कडीच्या उंचीवर. त्या हाताला फरशी लागली, कठडा लागला, गार पाणी लागलं. कडी लागली नाही. मी इथंच आहे म्हस्कू, मी ओरडत होतो, हाच तो, तू बरोबर आलायस, बस. पण नव्या फरशीतून त्याच्यापर्यंत माझा आवाज कुठला पोचतोय!

तो कारंज्याच्या काठावर बसला. शिट्टी वाजली.

"ओ बाबा! उठा तिथून. बसायचं न्हाई, पाय घसरंल."

"पोरा, हौद कुठंय?"

"कुठला हौद?"

"हौद. मेंढरं पाणी पितेत तो."

"तो व्हय. तो पाडला बाबा. कवाच."

म्हस्कू हसला. हरिओम थट्टा करतोय असं त्याला वाटलं असेल. "न्हाई न्हाई. हौदापाशी थांबायला सांगितलंय मला. बा येणार हाय."

हरिओम वाईट माणूस नाही. पण अक्षरांपुढं एक कुटुंब फोटोसाठी उभं होतं आणि म्हातारा मधे येत होता. तो म्हणाला, "इथं न्हाई हौद. पुढं बघा."

एवढंच. पुढं बघा. आणि म्हस्कू निघाला. बापाचं सांगणं हौदापाशी थांबायचं होतं, आणि इथं हौद नव्हता, म्हणजे ही ती जागा नव्हती. त्याच्या हिशेबानं तो अजून पोचलाच नव्हता. त्यानं धोतराचा सोगा सावरला आणि भोकरदनकडं जाणाऱ्या रस्त्याला लागला. माझी हद्द जिथं संपते तिथपर्यंत मला तो दिसत होता.

पंधरा-वीस मिनिटांनी जयवंताबाई आली. निवांत. पायात चपला, दाराला कुलूप, हातात कोथिंबीर.

आली आणि थांबली. कारंज्याकडं पाहिलं. अक्षरांमागं पाहिलं. वळणाआड जाऊन भुजंगला विचारलं, त्यानं टपरीतून डोकं बाहेर काढलं, "न्हाई माय, इथून मला चौक दिसत न्हाई आता." ती परत आली. हरिओमला विचारलं.

"हां, आल्ते एक बाबा. हौद विचारत होते."

"मंग?"

"मंग गेले. पुढं."

कोथिंबीर तिच्या हातातच होती. ती खाली पडली नाही, काही नाही. तिनं ती जुडी दोन्ही हातांत धरली आणि अशी मुरगळत राहिली की सगळी फरशीवर सांडली. हरिओमनं नंतर ती झाडली.

त्या दिवशी अंगद कारखान्यातून तसाच, काळ्या हातांनी आला. चौकीत तक्रार झाली. फोनवरून फोटो गावोगाव गेला. राजूरच्या रस्त्याला एका ढाबेवाल्यानं सांगितलं, एक म्हातारा दुपारी आल्ता, हौद विचारत होता, आम्ही म्हणलं पुढं असंल. एका फाट्यावरच्या पंक्चरवाल्यानं सांगितलं, हां, आल्ता, मी म्हणलं पुढं. त्याच्यापुढं कुणीच काही सांगू शकलं नाही.

याला आता पाच महिने झाले.

अंजूनं पत्रकं छापून आणली. "हरवले आहेत. म्हस्कू, वय ७७, धोतर, पांढरा सदरा, उजव्या कानात बाळी." पहिलं पत्रक तिनं माझ्या नव्या दिव्याच्या खांबाला लावलं. दोन दिवसांनी हरिओमनं काढलं. खांबांना काही चिकटवायचं नाही असा त्याला हुकूम आहे. तिनं परत लावलं. त्यानं परत काढलं. चौथ्या वेळी ती त्याच्यासमोर उभी राहिली.

"दादा, फेकता का तुम्ही ते?"

हरिओमनं केबिनचं दार उघडून दाखवलं. तिन्ही पत्रकं आत भिंतीला लावलेली होती, त्याच्या खुर्चीसमोर. "फेकवत न्हाई ताई," तो म्हणाला. "मीच म्हणलो ना पुढं बघा."

अंजू तिथंच मटकन खाली बसली. "तुम्ही न्हाई," ती म्हणाली. "मी लिहिलं. निरुपयोगी मी लिहिलं."

आता ती माझ्यावरून जात नाही. कॉलेजला लांबच्या गल्लीतून वळसा घालून जाते. एवढा उजेड आहे, कुत्रं नाही, कचरा नाही, आणि ती माझ्याकडं बघत नाही. घरात कुणी तिला बोललं नाही, आजी नाही की अंगद नाही. अंगद सुरुवातीला दर रविवारी मोटरसायकल काढायचा, पार धावड्यापर्यंत फिरून अंधार पडता पडता यायचा. अजूनही काढतो. पण आता दुपारीच परत येतो.

एक गोष्ट मात्र झाली, तीही सांगतो. भुजंगच्या पायरीवर एकदा जयवंताबाई बसली होती. उठताना तिचा हात दगडाच्या कडेला, खालच्या बाजूला गेला. तिथं कडी बसवलेल्या जागेची खोबण होती. तिनं ती बोटानं चाचपली आणि भुजंगला म्हणाली, "हा उलटा कर." भुजंग, अंगद आणि हरिओम, तिघांनी मिळून पहारी लावून तो दगड उलटा केला. डोणी होती तशी होती. आत माती, मुंग्यांचं घर.

अंजूनं तिच्या कडेला पांढऱ्या रंगानं लिहिलं, "हौद इथंच आहे. थांबा." नेहमीसारखं मोत्याचं अक्षर. लिहून झाल्यावर आजीकडं पाहिलं.

"आबांना वाचता कुठं येतंय, बाई?" जयवंताबाई हळूच म्हणाली.

अंजूच्या हातातला ब्रश तसाच राहिला. कॉलेज शिकलेल्या पोरीला ते सुचलंच नव्हतं. ती घरात गेली. मला वाटलं रडायला गेली. ती बादली घेऊन आली आणि डोणीत पाणी ओतलं. मग दुसरी बादली. थोड्या वेळानं गल्लीतल्या दोन शेळ्या आल्या आणि तोंड खाली घालून पाणी प्यायला लागल्या. जयवंताबाई त्यांच्याकडं एकटक बघत राहिली. मेंढरं पाणी पितेत तो हौद. एवढं तर त्याला कळलं असतं.

आता रोज सकाळी अंजू तिथं दोन बादल्या ओतते. पण ते वळणाआड आहे. माझ्या हद्दीच्या बाहेर. माझ्या मधोमध उभ्या राहिलेल्या माणसाला ती डोणी दिसत नाही. मला दिसते, मला काय उपयोग?

लोक म्हणतात, हा चौक किती सुंदर झालाय. झालो असेन. संध्याकाळी माझे दिवे निळे होतात, मग हिरवे, मग लाल. गर्दी खूप असते. मी तिच्यातला एकेक चेहरा बघतो आणि माझ्या लक्षात येतं की आता इथं कुणी कुणासाठी थांबत नाही. बाजाराच्या दिवशी मात्र जयवंताबाई येते. कारंज्याच्या काठावर बसते. हरिओम शिट्टी तोंडाला लावतो आणि न वाजवता खाली घेतो.

म्हणून तुम्हाला थांबवलं. तुम्ही इथले नसाल, लांब कुठं जाणार असाल, तर फारच बरं. कुठल्या फाट्यावर, कुठल्या गावाच्या पारावर एक म्हातारा भेटेल, भेटेलच असं नाही, पण भेटला तर. तो तुम्हाला विचारेल, हौद कुठंय. पाडला म्हणू नका. हात जोडतो, पुढं बघा म्हणू नका. खोटं बोला. हाच हौद म्हणा. त्याचा हात धरून कशावर तरी ठेवा, खांब असो, दाराची कडी असो. पाणी द्या. आणि जालन्याला निरोप धाडा, हौदाच्या चौकात म्हणून सांगा, जुनी माणसं बरोबर पोचवतील.

निरोप पोचून त्याची बायको येईपर्यंत तो तिथंच बसेल, याची काळजी करू नका. तो हालणारा माणूस नाही. सात वर्षांचा होता तेव्हाही हालला नाही.

हाललो मी.